धागा : मोकळ्या रस्त्यावर गाडी उगाच ब्रेक मारते, आणि वर्कशॉपवाले म्हणतात 'कोड नाही'

आडवा_पट्टा (धागाकर्ता)

एडासच्या (गाडीतल्या चालक-मदत यंत्रणेच्या : आपोआप ब्रेक, लेन असिस्ट वगैरे) तक्रारी वेगवेगळ्या धाग्यांत विखुरल्या आहेत, त्या एका जागी आणू या. मोकळ्या रस्त्यावर गाडी करकचून थांबायला बघते. लेन असिस्ट भलतीकडे ओढतो. हात स्टिअरिंगवर असले तरी 'हात ठेवा' चालूच. शेजारच्या रस्त्याची वेगमर्यादा वाचून पीं पीं करतो. आणि सर्व्हिस सेंटरमधून येणारं उत्तर ठरलेलं : स्कॅन केलं, कोड नाही, गाडी ओके.

या 'कोड नाही'पासूनच सुरुवात करतो. कंट्रोल युनिट (सेन्सर सांभाळणारा छोटा संगणक) बिघाडाचा कोड साठवतं ते सेन्सरचा वीजपुरवठा तुटला, संपर्क गेला, सेन्सर झाकला गेला किंवा त्याचा कोन ठरावीक हद्दीपलीकडे सरकला तर. चुकीचा निर्णय हा त्याच्या लेखी बिघाड नाहीच. समोर काहीतरी 'दिसलं', ब्रेक लावला, काम चोख झालं. आपलीच चूक आपल्याच वहीत कोण लिहून ठेवेल?

म्हणून तक्रार घेऊन जाण्याआधी ती कुठल्या खणात बसते ते ठरवा. सेन्सरची अंगभूत मर्यादा असेल तर वर्कशॉपच्या हातात फार तर सॉफ्टवेअर अपडेट आहे. कोन चुकला असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे तो नव्याने जुळवणं, लागेल. खरा बिघाड असेल तर सुटा भाग, वायरिंग किंवा चक्क बॅटरी. हे न ठरवता गेलात तर तिन्हींवर एकच उपाय होतो : कोड पुसून गाडी परत.

पहिला प्रश्न नेहमी हा : ब्रेक मारला कोणी? अडॅप्टिव्ह क्रूझने (एसीसी, पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणारा) की ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंगने (एईबी, धडक टाळायला आपोआप लागणारा ब्रेक)? तक्रारीत दोघांचा काला होतो आणि मग मेकॅनिक भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

पानाबारा

चांगला मुद्दा. ओळखायची खूण सांगतो.

क्रूझ बंद असताना ब्रेक लागला तर तो एसीसीचा असूच शकत नाही. क्रूझ चालू असताना लागला तर जोर बघा. एसीसी आरामासाठी असतो. हायवेच्या वेगात त्याने सेकंदाला सेकंद साडेतीन मीटरपेक्षा जोरात वेग कमी करू नये अशी मर्यादा आयएसओ १५६२२ या मानकात आहे. पाण्याची बाटली सीटवरून घरंगळेल एवढा हा गचका. एईबीचा ब्रेक याहून बराच कडक : संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५२ प्रमाणे किमान ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. शिवाय समोरच्या गाडीसाठी ब्रेक लागण्याच्या किमान ०.८ सेकंद आधी इशारा द्यावा लागतो. लाल चित्र, जोरात आवाज, काही गाड्यांत सीटबेल्ट आवळला जातो.

थोडक्यात, लाल इशारा न येता गाडी नुसती मंदावली तर एसीसी. इशारा आला आणि कपाळ पुढे गेलं तर एईबी. नुसता इशारा आला, ब्रेक नाही, तर ती धडकेची पूर्वसूचना. तिची संवेदनशीलता मेनूत 'लवकर'वरून 'मध्यम'वर आणता येते. 'लवकर'वर ठेवलेल्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात असं माझं मत.

गतिरोधक

उड्डाणपुलाखालून जाताना किंवा रस्त्यावरच्या मोठ्या लोखंडी पाटीखालून जाताना एसीसी वेग कमी करतो. आणि त्याच गाडीला पुढे रस्त्यात थांबलेला ट्रक दिसत नाही. हे कसं काय? एक तर दिसू दे, नाहीतर नको दिसू दे.

मिलीमीटर_लाट

@गतिरोधक, दोन्ही तक्रारी एकाच स्क्रूची दोन टोकं आहेत.

पुढचा रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झवर चालतो. अंतर तो फार अचूक मोजतो, आणि परतलेल्या लाटेच्या वारंवारतेतल्या बदलावरून (डॉप्लर) सापेक्ष वेगही. डावा-उजवा कोन बऱ्यापैकी समजतो. उंची मात्र साध्या रडारला जवळजवळ कळत नाही. त्यामुळे दीडशे मीटरवरचा पूल, वरची पाटी, मॅनहोलचं झाकण, वळणावरचं क्रॅश बॅरिअर आणि रस्त्यात थांबलेला ट्रक यांचा वेग त्याच्या हिशेबी सारखाच : 'जमिनीला चिकटलेलं लोखंड'. प्रत्येक लोखंडाला ब्रेक मारला तर गाडी चालवताच येणार नाही. म्हणून जे आधी कधी हललेलंच दिसलं नाही ते गाळून टाकायचं, असं सुरुवातीच्या एसीसींत सरसकट होतं. पुढे चालणारी गाडी डोळ्यांदेखत थांबली तर तिला तो धरून ठेवतो. पण आधीपासून थांबलेली गाडी एकदम समोर आली, म्हणजे आपल्या पुढचा लेन बदलून बाजूला झाला आणि त्याच्या पुढे ट्रक उभा होता, तर गाळणीत ती गळून जाते. गाडीच्या पुस्तकात 'थांबलेली वाहने ओळखली जातीलच असे नाही' हे वाक्य असतं ते याचसाठी. ते छापील आहे म्हणून कोणी वाचत नाही, एवढंच.

आता गाळणी सैल केली की पूल आणि पाट्या आत येतात. तो झाला फँटम ब्रेक, म्हणजे समोर काही नसताना लागलेला. घट्ट केली की ट्रक सुटतो. कॅमेरा जोडीला दिला की तो म्हणतो 'ही गाडी आहे' किंवा 'ही नाही', आणि मग रडारच्या ठिपक्याला मत मिळतं. दोघांचं एकमत झालं तर पूर्ण ब्रेक, एकटाच ओरडला तर नुसता इशारा किंवा हलका ब्रेक, अशी मांडणी बऱ्याच गाड्यांत असते. उंची मोजणारे नवे इमेजिंग रडार आले की हा तिढा बराच सुटतो, पण ते सगळ्या गाड्यांत नाहीत.

तिसरा_आरसा

म्हणजे कॅमेरा हा शहाणा भाऊ. पण त्याचीही गोची आहेच ना?

मिलीमीटर_लाट

आहेच. एका कॅमेऱ्याला अंतर थेट मोजता येत नाही. समोरच्या गाडीची चाकं चित्रात रस्त्याला कुठे टेकतात त्यावरून तो अंदाज बांधतो. हिशेब करून बघा. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंच आणि गाडी ५० मीटरवर. क्षितिजाखाली साधारण दीड अंशाचा कोन झाला. कॅमेरा ०.३ अंशाने वर बघायला लागला तर तीच गाडी चित्रात खाली येते आणि ४२ मीटरवर असल्यासारखी वाटते. ०.३ अंशाने खाली झुकला तर ६२ मीटरवर.

आता ०.३ अंश म्हणजे किती? व्हीलबेस २.६ मीटर असेल तर मागचा भाग फक्त १४ मिमी बसला की झाले ०.३ अंश. डिकी भरली, मागे तिघे बसले, की १४ मिमी कुठल्या कुठे. म्हणूनच कॅमेरा चालत्या गाडीत पट्टे कुठे मिळतात त्यावरून क्षितिज सतत नव्याने ठरवत असतो. पण त्यालाही हद्द असते. स्प्रिंग बदलून गाडी चाळीस मिमी उचलली की ती हद्द ओलांडली जाते, आणि तेव्हा कॅलिब्रेशनशिवाय गत्यंतर नाही.

रडारचं आडवं गणित याहून सोपं. एक अंश चूक म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर. साडेतीन मीटरच्या लेनची बरोबर अर्धी रुंदी. शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक लागतोय, आणि तो कायम एकाच बाजूच्या ट्रकसाठी लागतोय, तर रडारचा कोन तपासा. दोन्ही बाजूंना सारखाच लागत असेल तर कोनाचा संशय कमी.

धुरकट_काच

'कायम एकाच बाजूला' ही खूण सोन्यासारखी आहे, वहीत लिहून ठेवा.

काच बदलल्यावरच्या तक्रारींबद्दल थोडं विस्ताराने, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच.

पुढची काच बदलली की कॅमेरा कॅलिब्रेट करावाच लागतो. जुना कॅमेरा जुन्याच ब्रॅकेटमध्ये बसवला तरी लागतो. ब्रॅकेट काचेला चिकटवलेलं असतं, नव्या काचेवर ते केसभर इकडेतिकडे असतं, आणि वर पाहिलंच की केसभरात काय होतं. ही पद्धत दोन प्रकारची. स्टॅटिक म्हणजे वर्कशॉपमध्ये गाडीसमोर ठरावीक नक्षीचा फलक ठेवून. डायनॅमिक म्हणजे स्कॅनर जोडून, ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर, ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ गाडी चालवून. काही गाड्यांना एकच लागते, काहींना दोन्ही. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात लिहिलेलं असतं, मेकॅनिकच्या मर्जीवर नसतं.

स्टॅटिक करताना चुकतं ते हे : फरशी सपाट नसते. टायरमध्ये हवा कमी-जास्त असते. डिकीत सामान तसंच असतं. इंधन किती असावं तेही पुस्तकात दिलेलं असतं, ते कोणी बघत नाही. मागून खिडकीचं ऊन फलकावर पडतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फलक बंपरच्या मध्यावरून लावणं. फलक लागतो तो गाडीच्या थ्रस्ट लाइनवर, म्हणजे मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात त्या रेषेवर. मागचा अ‍ॅक्सल किंचित तिरका असेल तर बंपरचा मध्य आणि ही रेषा जुळत नाही. म्हणून क्रम असा : आधी टायरची हवा, मग चारही चाकांचं अलाइनमेंट, मग स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर, आणि शेवटी कॅमेरा व रडार. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंट झाल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागेल.

काचेचा दर्जाही बघा. कॅमेऱ्यासमोरच्या तुकड्यात काच वाकडी-लहरी असेल तर कॅलिब्रेशन 'फेल' येतं किंवा पास होऊन पुढे बिनसतं. काचेला तिथे हीटरची तार असेल तर नव्या काचेलाही हवी. नाहीतर थंडीत दव धरलं की 'कॅमेरा उपलब्ध नाही'. त्या भागावर काळी फिल्म, स्टिकर, टोल टॅग, काहीही नको.

सावकाश_जा

काचेच्या आतून येणाऱ्या धुरकट थराचं काय? उन्हात डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकातून निघणारी वाफ काचेवर बसते, बाकीची काच पुसता येते, पण कॅमेऱ्याचं कव्हर असतं तिथे फडकं पोचत नाही.

धुरकट_काच

बरोबर, आणि सकाळ-संध्याकाळ सूर्य समोर आला की हाच थर चमकून कॅमेरा आंधळा होतो. रात्री समोरच्या हेडलाइटने तेच. 'फक्त पश्चिमेकडे जाताना संध्याकाळीच बंद पडतो' अशी तक्रार असेल तर कॅमेरा बदलायला धावू नका. कव्हर काढून काचेचा तेवढा तुकडा स्वच्छ केला की बऱ्याचदा भागतं. मात्र कव्हर काढताना कॅमेरा ब्रॅकेटमधून हलवायचा नाही, भिंगाला बोट किंवा स्प्रे लावायचा नाही. फडक्यावर क्लिनर घ्यायचा, काचेवर मारायचा नाही. हात बसलेला नसेल तर वर्कशॉपलाच करू द्या.

रंगारी_२के

बंपर रंगवून घेतलेल्यांसाठी. ७७ गिगाहर्ट्झची लाट हवेत जेमतेम ३.९ मिमी लांब असते, बंपरच्या प्लॅस्टिकात साधारण अडीच. म्हणजे बंपरची जाडी आणि रंगाचा थर हे तिच्या मापाने 'जाड' आहेत. मूळ बंपर ही जाडी धरूनच केलेला असतो. त्यावर पुट्टी भरली, दोनदा रंगवला, वर धातूच्या कणांचा रंग मारला, की लाट परत उसळते किंवा आत गळते. रडार स्वतःच्याच बंपरचा प्रतिध्वनी ऐकत बसतो.

बहुतेक कंपन्यांचं म्हणणं स्पष्ट आहे : रडारसमोरच्या भागात पुट्टी, प्लॅस्टिक वेल्डिंग, स्टिकर चालत नाही. तिथे तडा गेला तर बंपर बदला. पुन्हा रंगवायचा तर जुना रंग काढून, ठरलेल्या जाडीत. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतल्या ब्लाइंड स्पॉट रडारलाही (आरशात न दिसणारी बाजूची गाडी टिपणाऱ्या) हेच लागू. तिथल्या दुरुस्तीकडे कोणी बघतच नाही आणि मग 'एका बाजूचा ब्लाइंड स्पॉट दिवा लागत नाही' अशी तक्रार येते.

लोगोचंही तसंच. काही गाड्यांत रडार पुढच्या लोगोमागे असतो, आणि तो लोगो साधा दिसला तरी लाटेला आरपार जाऊ देणाऱ्या खास थरांचा असतो. बाजारातला चकचकीत क्रोम लोगो चिकटवला की रडारच्या डोळ्यावर झापड. नंबरप्लेटचं धातूचं ब्रॅकेट आणि पुढचा लोखंडी गार्ड हे तर थेट समोरच येतात.

आडवा_पट्टा

आता लेन असिस्टकडे वळू. 'भिंतीकडे ओढतो' ही तक्रार.

पानाबारा

ही बहुतेक वेळा पट्ट्यांचीच भानगड. कॅमेरा पट्टा ओळखतो तो उजळ-काळ्या कडेवरून. रस्त्याच्या भेगांत भरलेलं डांबर ओलं झालं किंवा ऊन तिरपं पडलं की पट्ट्यासारखं चमकतं. खरवडून काढलेला जुना पट्टा सावली सोडतो. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधला सांधा तर हुबेहूब रेष. कामाच्या ठिकाणी जुने पांढरे आणि तात्पुरते पिवळे पट्टे एकत्र आले की काही गाड्यांना पिवळ्याला मान द्यायचं कळतं, काहींना नाही. रस्त्याचं काम दिसलं की लेन असिस्ट हाताने बंद करणं हेच शहाणपण.

तो कितीही ओढू लागला तरी हाताने मोडता यायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ७९ मध्ये स्टिअरिंगवर जास्तीत जास्त ५० न्यूटन जोर लागावा असं आहे, म्हणजे साधारण पाच किलोचं ओझं. इंडिकेटर दिला की तो गप्प बसतो. त्यामुळे 'लेन बदलताना भांडतो' या तक्रारीत पहिला प्रश्न इंडिकेटरचाच. (हे वाचून काही जण रागावतील, पण विचारावं लागतंच.)

पट्टे छान असूनही कायम एकाच बाजूला चिकटून चालते तर आधी लेन असिस्ट बंद करून सपाट, सरळ रस्त्यावर बघा. तरीही ओढत असेल तर अलाइनमेंट किंवा टायर. बंद केल्यावर सरळ जात असेल तर कॅमेरा.

तिसरा_आरसा

आणि 'हात ठेवा'? दोन्ही हात स्टिअरिंगवर असतानाही ओरडतो.

पानाबारा

त्याला हात दिसत नाहीत, पीळ जाणवतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या टॉर्क सेन्सरवरूनच हात आहेत की नाहीत ते ठरतं. सरळ रस्त्यावर दोन्ही हात समतोल ठेवले की एकमेकांचा जोर कापला जातो आणि पीळ शून्य. उपाय म्हणजे एक हात नऊ किंवा तीनच्या जागी, त्याचं वजन किंचित खाली लोंबू द्यायचं. ज्या गाड्यांत कपॅसिटिव्ह रिंग आहे तिथे नुसता स्पर्श पुरतो, पण जाड लेदर कव्हर चढवलं किंवा जाड हातमोजे घातले की तो स्पर्श मरतो. अशा स्टिअरिंगला कव्हर नकोच.

नियमाप्रमाणे हात सुटल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत डोळ्यांना दिसणारा इशारा, ३० सेकंदांपर्यंत लाल इशारा आणि आवाज, आणि तरी हात आले नाहीत तर पुढच्या ३० सेकंदांत लेन सेंटरिंग (गाडी लेनच्या मध्ये धरणं) बंद. स्टिअरिंगला वजन लटकवून याला फसवायचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्यावर इथे चर्चा नको.

मिलीव्होल्ट

खऱ्या बिघाडाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी.

एडास, एबीएस, ट्रॅक्शन, स्टिअरिंग, पार्किंग, सगळे दिवे एकदम पेटले तर पाच गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या नसतात. एकच बिघडलेली असते आणि बाकीच्या तिच्यावर अवलंबून. पहिला संशय बॅटरीवर. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ च्या खाली म्हणजे अशक्त. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेली तर युनिटं अर्धवट जागी होतात आणि एकमेकांचा संपर्क तुटल्याचे कोड टाकतात. स्टार्ट-स्टॉप गाडीला (थांबली की इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) साधी बॅटरी घातली असेल तर हेच. बॅटरी मूळ जातीचीच, एजीएम किंवा ईएफबी जी असेल ती, हवी, आणि जिथे लागते तिथे नव्या बॅटरीची नोंद गाडीत करावी लागते.

दुसरा संशय चाकाच्या वेग-सेन्सरवर, तिसरा ब्रेक पेडलच्या स्विचवर. पाच मिनिटांत बदलता येणारा हा स्विच अडकला की क्रूझ, एसीसी, एईबी सगळे राजीनामा देतात, कारण त्यांना वाटतं चालकाचा पाय ब्रेकवरच आहे. मागचे ब्रेकलाइट सतत पेटलेले किंवा पेडल दाबूनही बंद असतील तर आधी तिथे बघा. चौथं, एका चाकाचा टायर वेगळ्या मापाचा किंवा छोटं स्टेपनी चाक लावलेलं.

कोडचं वाचन : यू ने सुरू होणारा कोड संपर्काचा. यू०२३५ म्हणजे पुढच्या अंतर-सेन्सरशी, म्हणजे रडारशी संपर्क तुटला. यू०१२१ म्हणजे एबीएसशी तुटला. यू०४१५ म्हणजे एबीएसकडून येणारी माहिती विश्वासार्ह नाही. शेवटचा असेल तर रडार निर्दोष आहे, एबीएसकडे जा. ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिन वाचतो. त्याने 'कोड नाही' दाखवलं म्हणजे एडास तपासलं असं समजू नका. कॅमेरा आणि रडारची युनिटं वेगळी वाचावी लागतात.

गतिरोधक

पार्किंग सेन्सर एडासमध्ये मोजतात का? मागे काही नसताना सलग टूंऽऽ.

मिलीव्होल्ट

मोजा. सलग सूर म्हणजे एखादा सेन्सर 'अगदी जवळ' वाचतोय. इग्निशन चालू, इंजिन बंद, हँडब्रेक लावून रिव्हर्स गिअर टाका आणि प्रत्येक सेन्सरजवळ कान न्या. जो बरा आहे तो बारीक टिकटिकतो. टिकटिक नाही तो मेलेला. टिकटिकतोय पण सलग ओरडतोय तर चिखल, पाण्याचा थेंब, जाड रंग, किंवा बंपरच्या रिंगमध्ये तो तिरका बसलेला. बारीक खांब, जाळी, जमिनीलगतचा दगड त्याला न दिसणं हा दोष नाही, मर्यादा आहे. शेजारी ट्रकने एअर ब्रेकची हवा सोडली तरी ओरडतो, त्या फुसकाऱ्यात अल्ट्रासाऊंड असतं.

वाटेवरचा_फलक

एवढं सगळं असेल तर एईबी सरळ बंदच करून टाकावं. न मागता ब्रेक मारणाऱ्या गाडीपेक्षा न मारणारी बरी. मागून येणाऱ्याने ठोकलं तर?

सावकाश_जा

असहमत. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात एईबीमुळे पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात साधारण निम्म्यावर आले. पादचाऱ्यांच्या बाबतीत २०२२ च्या त्यांच्या अभ्यासात एकूण घट २७ टक्के, पण दिवे नसलेल्या काळोख्या रस्त्यावर काहीच फरक नाही. दोन्ही आकडे एकदम लक्षात ठेवायचे. नियम १५२ मध्ये पादचाऱ्यासाठीची अपेक्षा किमान २००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेडातली आहे, रस्त्यावरच्या दिव्यांखाली १०-२० लक्स मिळतात. रात्री तो वाचवेल असं धरून चालणं चूक, आणि म्हणून दिवसाही बंद करणं हीही चूक.

फँटम ब्रेक लागला तर काय करायचं हे माहीत असणं जास्त कामाचं. पाय उचलून नुसती वाट बघू नका. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की बहुतेक गाड्यांत तो ब्रेक सुटतो. चालकाला तो मोडता आला पाहिजे अशी नियमाचीच अट आहे. काही गाड्यांत इंडिकेटर किंवा ठाम स्टिअरिंगनेही सुटतो. तुमच्या गाडीत नेमकं काय चालतं ते पुस्तकात आधीच बघून ठेवा.

एईबी खरंच बंद करायच्या जागा वेगळ्या आहेत : सरकत्या पट्ट्याचं कार वॉश, ब्रेक तपासणीचे रोलर, दोरीने ओढणं, ट्रकवर चढवून नेणं.

वाटेवरचा_फलक

रोलरचं माहीत नव्हतं. ठीक आहे, एईबीपुरता शब्द मागे घेतो. पण वेगमर्यादेचा भोंगा नाही घेणार. तो सर्व्हिस रोडची पाटी वाचतो.

मिलीमीटर_लाट

त्यावर वाद नाही. इंटेलिजेंट स्पीड असिस्ट कॅमेरा आणि नकाशा दोन्ही बघतो. बाहेर पडणाऱ्या रस्त्याची पाटी मुख्य रस्त्याची समजतो, ट्रकच्या मागे चिकटवलेला वेगाचा गोल वाचतो, आणि नकाशा जुना असेल तर बदललेली मर्यादा त्याला ठाऊक नसते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सगळ्या गाड्यांत तो सक्तीचा आहे आणि दर स्टार्टला आपोआप चालू होतो. बंद करता येतो, पण दर वेळी. नकाशा अपडेट करा आणि मेनूत 'कॅमेरा की नकाशा' असा पर्याय आहे का ते बघा. काही गाड्यांत स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं की भोंगा बंद होतो, तीन मेनूंत शिरावं लागत नाही.

आडवा_पट्टा

आता मूळ प्रश्नाकडे परत. कोड नसताना तक्रार नोंदवायची कशी?

पानाबारा

पुरावा बाहेरून न्यायचा. 'कधीकधी ब्रेक लागतो' या वाक्यावर कुठलाही मेकॅनिक काही करू शकत नाही, कितीही चांगला असला तरी.

दर घटनेला एवढं टिपा : तारीख, मिनिटापर्यंत वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, वेग, क्रूझ चालू की बंद, कुठला इशारा आला आणि कुठला नाही, सूर्य समोर-मागे-बाजूला, रस्ता ओला-कोरडा, वर पूल-पाटी-सावली, बाजूच्या लेनमध्ये कोण, गाडीत किती माणसं-सामान. गाडी थांबवून लिहा, चालवताना नाही. डॅशकॅम असेल तर फुटेज वेगळं काढून ठेवा, नाहीतर तो त्यावरच पुन्हा लिहितो. डॅशकॅम कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर लावलेला नाही ना तेही बघा, तसंही सापडतं.

एकाच जागी तीनदा घडलं तर ती जागा आणि दिशा महत्त्वाची : सेन्सरच्या मर्यादेची किंवा नकाशाची शंका. वेगवेगळ्या जागी पण एकाच बाजूच्या वाहनासाठी घडलं तर कोन. जागा-बाजू काहीच जुळत नाही, पण पावसात किंवा गार सकाळीच घडतं, तर कनेक्टर, पाणी, व्होल्टेज.

वर्कशॉपला लेखी मागा : सगळ्या युनिटांचा आधीचा आणि नंतरचा स्कॅन, कॅमेरा व रडारचे सॉफ्टवेअर व्हर्जन, कॅलिब्रेशन केलं असेल तर त्याचा छापील अहवाल, त्यात रडारचा आडवा-उभा कोन आधी किती होता आणि नंतर किती. 'कॅलिब्रेशन ओके' एवढंच लिहिलेला कागद घेऊ नका. चेसिस नंबर टाकून रिकॉल आणि सॉफ्टवेअर मोहीम चालू आहे का तेही तपासायला सांगा, कारण मर्यादेच्या खणातला दोष सुटला तर तिथूनच सुटतो. शेवटी, तुमच्या देशात वाहन-दोषांची तक्रार घेणारी सरकारी यंत्रणा असेल तर तिथेही नोंदवा. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा यंत्रणेने विनाकारण ब्रेक लागण्यावर चौकश्या उघडल्या त्या चालकांनी एकेक करून भरलेल्या शेकडो तक्रारींवरूनच. त्यातही कोड दाखवणाऱ्या तक्रारी नव्हे, 'इथे, एवढ्या वेगात, समोर काही नसताना' अशा.

तिसरा_आरसा

@पानाबारा, टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकसोबत जावं का?

पानाबारा

जावंच. स्कॅनर जोडलेला, रडारचा 'लाइव्ह डेटा' उघडा, आणि तुमच्या नोंदीतल्या जागेवरून त्याच वेळी, त्याच दिशेने. गाडी तो चालवेल, तुम्ही शेजारी बसा. सकाळी अकराला वर्कशॉपभोवती चक्कर मारून संध्याकाळच्या उन्हातला दोष सापडत नाही. मागे वाहन नाही याची खात्री करूनच ती जागा घ्यायची.

धुरकट_काच

आणि जाण्याआधी काच आतून पुसून घ्या. पुसल्यावर दोष गेला तर फेरी वाचेल.